आत्याची खोटी पत्रं

आरशासमोर बसल्याशिवाय आत्याला दुष्टपणा सुचत नसे. पूर्वी त्या आरशासमोर ती रंग लावायला बसायची, आता संगणक उघडायला. चौकटीभोवतीच्या दिव्यांपैकी दोनच अजून धुगधुगी धरून होते. जिथे एके काळी पावडरचे डबे आणि केसांचे आकडे पसरलेले असत, तिथे आता कीबोर्ड होता, शेजारी चहाचा कप आणि कपावर बशी. तिने चष्मा नाकावर बसवला, आरशात बघून डावी भुवई वर नेली, ती पहिल्यासारखीच वर जाते याची खात्री करून घेतली आणि टाइप करायला लागली.

'महोदय, आपल्या नावाचं एक पार्सल बरेच दिवस आमच्या गोदामात पडून आहे. आत नाशवंत वस्तू असावी, कारण वास येऊ लागला आहे. शेजारच्या पार्सलांचे मालक तक्रार करत आहेत. कृपया खालील ठिकाणी आपलं नाव आणि पासवर्ड भरून पार्सल सोडवून घ्यावं.'

शेजारच्या पार्सलांच्या मालकांवर ती फार खूश झाली. असलं बारीक नक्षीकाम तिला आवडायचं. तिने बटण दाबलं. कपावरची बशी काढते न काढते तोच जिन्यापलीकडच्या बिऱ्हाडातून, दोन उघड्या दारांमधून, भरदार आवाज आला.

"खाष्टबाई! पार्सल पोचलं हो! थेट दिवाणखान्यात!"

"म्हणजे तुमच्या ईमेलचा डोअरकीपर झोपलाय!" आत्या ओरडली. "स्पॅमचं बटण दाबा आणि हाकला त्याला!"

"दाबतो. पण वास कसला येत असेल हो?"

"राजे!"

"दाबलं, दाबलं."

कुणी नवखा माणूस त्या वेळी जिना चढत असता तर अर्ध्यातून परत फिरला असता. पण इमारतीतल्या लोकांना, जे सगळेच तिला आत्या म्हणत, याची सवय झाली होती. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई तर मशीन थांबवून ऐकायची आणि नवऱ्याला सांगायची, "आज पार्सल आहे. काल वारसाहक्क होता."

आत्याचं सगळं आयुष्य वाईट बायका करण्यात गेलं होतं. सुनेला छळणारी सासू, भावाची इस्टेट गिळणारी बहीण, दुधात विष कालवणारी दाई, देवघरात बसून खोटी शपथ घेणारी शेजारीण. नाटक कंपनीत नायिका येत गेल्या आणि जात गेल्या, कुणी लग्न करून गेली, कुणाचा आवाज बसला, पण आत्याची खुर्ची कधी रिकामी झाली नाही. 'खाष्टबाई' हे नाव तिला भर बाजारात मिळालं. एका म्हातारीने तिला ओळखलं, हातातला भोपळा उगारला आणि म्हणाली, "तूच ना ती खाष्ट? त्या गरीब पोरीला उपाशी झोपवतेस?" आत्या तिथून जी पळत सुटली ती थेट थिएटरात येऊन हसत बसली. पुढे शाली आल्या, नारळ आले, पण कुणी कौतुकाचा विषय काढला की ती भोपळ्याचीच गोष्ट सांगायची.

नाटकं कमी झाली तेव्हा त्याच थिएटरने तिला तिकीटखिडकीत बसवलं. तिकिटं संगणकावर गेली तशी तीही संगणकावर गेली. प्रेक्षकांच्या ईमेलना उत्तरं देता देता तिला एक गोष्ट कळली. प्रत्येकाच्या ईमेलच्या दाराशी एक फिल्टर उभा असतो. तो येणाऱ्या पत्राचं तोंड बघतो आणि संशय आला की त्याला बाजूच्या स्पॅमच्या अंधाऱ्या कप्प्यात ढकलतो. कधी कधी बिचारं खरं पत्रही त्यात ढकललं जातं. "तुमची तिकिटं आलीच नाहीत!" म्हणून भांडायला येणाऱ्या लोकांना ती शांतपणे सांगायची, "दादा, स्पॅममध्ये बघा. तुमच्या डोअरकीपरने आम्हाला बाहेर उभं केलंय."

समोरचे राजे हे अगदी दुसऱ्या टोकाचे गृहस्थ. त्यांनी जन्मभर भली माणसं केली. राजा, न्यायाधीश, धाकट्यांसाठी झिजणारा मोठा भाऊ. आत्याने त्यांना रंगमंचावर किती वेळा विष पाजलं याची गणती नाही, आणि दर वेळी त्यांनी पेला हसत घेतला. रंगमंच सुटला तरी त्यांची ही खोड सुटली नाही. समोरून पेला आला की घ्यायचा.

तसाच एक पेला ईमेलने आला. 'ज्येष्ठ कलावंत म्हणून आपला सत्कार करण्याचं ठरलं आहे. नाव निश्चित करण्यासाठी आपला ईमेल आणि पासवर्ड भरावा.' राजेंनी भरला. कोटाला इस्त्री करून आणली. भाषणाची तालीम आत्यासमोर केली, आणि आत्यानेही, खरं सांगायचं तर, टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी राजेंच्या नावाने त्यांच्या झाडून सगळ्या ओळखीच्यांना पत्रं गेली, की मी परमुलखात अडकलोय, बॅग चोरीला गेली आहे, ताबडतोब मदत पाठवा. काही भाबड्यांनी पाठवलीही. ईमेलचा पत्ता परत ताब्यात आला, पण राजे आठवडाभर गॅलरीत आले नाहीत.

त्यांची लेक दुसऱ्या शहरातून धावत आली. ती औषधांच्या कारखान्यात तपासनीस होती, बोलणं मोजकं आणि नीटनेटकं. बापाच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच तिने सांगून टाकलं, "बाबा, हा पत्ता बंद करू. नवा उघडू, पण तो माझ्याकडे राहील. आलेलं मी वाचीन आणि कामाचं असेल ते तुम्हाला फोनवर सांगीन."

"आणि उत्तरं?"

"तुम्ही सांगा, मी लिहीन."

ज्या माणसाला कधी वाक्य आठवलं नाही असं झालं नव्हतं, तो ओट्यावरची पुसलेली जागा पुन्हा पुसायला लागला.

आत्या दारात उभी होती. तिला ठाऊक होतं, राजेंना रोज पत्रं येतात. लांबचा एखादा शाळामास्तर विचारायचा, मेलेल्याचं काम करणाऱ्या मुलाचा श्वास प्रेक्षकांपासून कसा लपवायचा? एखादी नवी नटी विचारायची, हातांचं काय करू? कुणी जुना प्रेक्षक नुसतंच लिहायचा, की त्या रात्रीच्या प्रयोगानंतर मी भावाशी बोलायला लागलो. राजे प्रत्येकाला पानभर उत्तर द्यायचे. दिवसभरातला त्यांचा तेवढाच प्रयोग उरला होता. तो लेकीच्या तोंडून ऐकायचा म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास गिळायचा.

"पोरी," आत्या म्हणाली, "तुमच्या कारखान्यात चाळणीतून एक खराब गोळी सुटली तर चाळणी फेकून देता?"

"नाही. तपासतो."

"कशी?"

"मुद्दाम खराब गोळ्या टाकून. त्या अडल्या पाहिजेत. आणि चांगल्या सुटल्या पाहिजेत. चांगली अडली तरी चाळणी नापासच."

"मग मला महिनाभर दे. खराब गोळ्या मी करते. त्यात माझा हात धरणारं कुणी नाही."

लेक बापाकडे वळली. "ठीक आहे," ती म्हणाली. "महिन्याने मी येऊन स्वतः तपासणार. नापास झालं तर पत्ता माझ्याकडे. मग रुसायचं नाही, बाबा."

"राजा दिलेला शब्द मोडत नाही," राजे म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

तालमी सुरू झाल्या. पहिल्या पत्रांत आत्याने भरपूर रंग थापला. लॉटरी, सोनं, मेलेले अब्जाधीश आणि ओळीला तीन उद्गारचिन्हं. डोअरकीपरने ती सगळी एका झटक्यात बाहेर फेकली. डोळे वटारणारा खलनायक त्याला कोपऱ्यावरूनच ओळखू येत होता. मग आत्याने आवाज खाली आणला. विषाच्या प्रवेशात तिने कधी दात-ओठ खाल्ले नव्हते. पेला पुढे करताना ती एवढंच म्हणायची, "दमलेला दिसतोस. बस जरा." आणि बाल्कनीपर्यंत काटा यायचा. तशीच पत्रं ती आता लिहू लागली, आणि ती सुळकन आत जाऊ लागली.

'काका, ओळखलंत का? लहानपणी मी विंगेत बसून तुमचं नाटक बघायचो. तुम्ही मला खडीसाखर द्यायचात. तेव्हाचे फोटो सापडले. सोबत पाठवतोय, उघडून बघा.'

राजेंनी याला उत्तर लिहिलं. पानभर.

"अहो, ते मी लिहिलंय!" आत्याने कपाळावर हात मारला. "वर माझं नाव आहे की ढळढळीत!"

"ते कळलं मला. पण मुलगा गोड होता हो."

नावाची गोष्ट आत्याच्या शिस्तीतली होती. सगळी पत्रं ती स्वतःच्या पत्त्यावरून, स्वतःच्या नावाने पाठवायची. राजेंनी सुचवलं होतं, एखादा परका पत्ता उघडा, म्हणजे जास्त खरं वाटेल. त्यावर ती चिडलीच. "जाहिरातीत नटाचं नाव खरं असतं, राजे. काम कितीही हलकटाचं असू दे. नाव बदलून घरात शिरतो तो चोर. मी नटी आहे."

पत्र कसं ओळखायचं हे तिने राजेंना पुस्तकी भाषेत सांगितलं नाही. तालमीच्या भाषेत सांगितलं. पत्र मोठ्याने वाचायचं आणि विचारायचं, या पात्राला माझ्याकडून काय हवंय? पार्सलवाल्याला पासवर्ड हवाय. गोड मुलाला फोटो उघडून हवाय. आणि कुणी काही मागितलं, तर पत्राला उत्तर द्यायचं नाही, उठून त्या माणसालाच विचारायचं, फोनवर नाही तर समोरासमोर. शिवाय दुपारच्या चहानंतर स्पॅमचा कप्पा उघडून सगळ्यांची तोंडं बघायची, कारण चांगली माणसंही कधी कधी चुकून कोंडली जातात.

राजे आधी धडपडले, मग त्यांना गोडी लागली. खोटं पत्र सापडलं की ते तिकडून गरजायचे, "पकडली!" आणि बटण दाबायचे. महिना सरत आला तेव्हा ते टीकाकार झाले होते. "आज तुम्ही दुसऱ्याच वाक्यात घाई केलीत, खाष्टबाई. थोडं खेळवायला हवं होतं." हे ऐकून आत्याला असा काही आनंद व्हायचा, की तो लपवायला ती दार लावून घ्यायची.

ठरल्या दिवशी लेक आली. बॅग ठेवली, हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर आपला लॅपटॉप उघडून बसली. राजे बाहेरच्या खोलीत संगणकासमोर, अंगात इस्त्रीचा कोट. आत्या दोघांच्या मधल्या उंबऱ्यात. लेकीने आपल्याकडून पत्रं तयार करून आणली होती. कोरडी, सरकारी थाटाची, आत्यालाही हेवा वाटावा अशी. डोअरकीपरने बहुतेक सगळी अडवली. एक मात्र आत सटकलं.

'आपण घेत असलेल्या औषधाचा साठा परत मागवण्यात आला आहे. आजच्या आज खाली माहिती भरा.'

राजेंनी ते खणखणीत आवाजात वाचलं. "या पात्राला माझ्याकडून घाई हवीय," ते म्हणाले. "आणि औषधाचं खरं-खोटं मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारीन. पकडली!"

आतून लेकीचं हसू ऐकू आलं. आत्याने उंबऱ्यातच पदर झटकला, जणू पडदा पडला.

"थांब," लेक बाहेर येऊन म्हणाली. "चांगली गोळी राहिली. आत्या, तू लिही. एक खरं पत्र. आतलं सगळं खरं हवं."

आत्या आपल्या खोलीत आली, आरशासमोर बसली. भुवई सवयीने वर गेली, ती तिने खाली आणली. आणि तिला काही सुचेना. महिनाभर खोटी पत्रं भराभर लिहिणाऱ्या बाईला एक खरं पत्र लिहिता येईना. 'हवा छान आहे' हे खरं होतं, पण ते काय पत्र झालं? मग जे बरेच दिवस जिभेवर येऊन परत जात होतं तेच तिने लिहून टाकलं.

'राजे, मंगळवारी सकाळी माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. साधंच असतं म्हणतात पण मला भीती. बाहेर बाकावर येऊन बसाल का. लवकर कळवा.'

बटण दाबल्यावर तिने ते वाचलं. गुपित, भीती, घाई. हे तर तिच्याच खोट्या पत्रांसारखं झालं!

ती परत आली तेव्हा राजे पडद्याकडे टक लावून बसले होते. आलेल्या पत्रांत नवं काहीच नव्हतं. लेकीने पान पुन्हा उघडलं. पुन्हा उघडलं.

"पाठवलंस ना?"

"पाठवलं." आत्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. एकाएकी तिला सगळं उमगलं. महिनाभर तिच्या नावाचं पत्र आलं की राजेंनी बटण दाबून डोअरकीपरला बजावलं होतं, ही वाईट, ही वाईट, ही वाईट. तो शिकला होता. आता ही बाई देवाची शपथ घेऊन आली असती तरी त्याने तिला आत सोडलं नसतं. कुठल्या परीक्षकाने तिच्या दुष्टपणाला इतकी दाद दिली नव्हती, पण दाद घ्यायची ही वेळ नव्हती.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "माझं नाव बदनाम झालंय त्याच्याकडे. राजेंचा यात काही दोष नाही."

"चांगली गोळी अडली, आत्या," लेक हळूच म्हणाली. तिला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "चाळणी नापास."

"चहा झाला का आपला?" राजेंनी विचारलं.

"बाबा, चहाचं काय आता?"

"मघाशीच झाला ना? मग माझी स्पॅमची वेळ झाली."

त्यांनी कप्पा उघडला. लेकीची अडलेली पत्रं ओळीने पडली होती आणि सगळ्यांत वर आत्याचं नाव. राजेंनी घसा साफ केला आणि वाचायला लागले, "'राजे, मंगळवारी सकाळी माझ्या...'" आणि थांबले. पुढचं त्यांनी मनात वाचलं. महिनाभरात त्यांनी पहिल्यांदाच एक पत्र मनात वाचलं. मग पडद्यावरचं पान मिटलं, कोटाचं वरचं बटण सोडलं आणि खुर्ची वळवून ते आत्यासमोर बसले.

"किती वाजता?"

"आठला बोलावलंय," आत्या म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नसता.

"मी सातला दार वाजवतो."

"काय आहे त्यात?" लेकीने विचारलं. "बाबा, काय लिहिलंय?"

"ते माझं पत्र आहे, बाळ."

ते रागाने बोलले नव्हते. पण लेक पुढे झाली होती ती जागच्या जागी थांबली. मग तिने विचारलं, "पण ते खरं आहे हे कशावरून ओळखलंत? स्पॅममध्ये होतं. तिच्या नावाने. खोटी सगळी तिच्याच नावाने आली होती."

"या बाईने महिनाभर मला काही ना काही उघडायला लावलं. पार्सलं, फोटो, मृत्युपत्रं. यात उघडायचं काहीच नाही. नुसतं यायचंय. आणि दोन वाक्यं मोडलीत बघ. खलनायिकेचं एक वाक्य हिने कधी मोडलं नाही, मी समोर उभा असायचो. तरी वळून विचारलं की नाही? समोरासमोर? तशीच तालीम दिलीय मला."

आत्याने मान वळवली. तिला भरून आलं होतं, आणि ते दिसू नये एवढा अभिनय तिला अजून येत होता. आपण ज्याला रात्रीमागून रात्री विष पाजलं, त्याला पेल्यात काय आहे ते आता वास घेऊन कळतं! आणि हे आपण शिकवलं! बाजारातली ती म्हातारी इथे असती तर तिलाही बोलावून दाखवलं असतं.

"आमच्याकडे चाळणीच्या खाली एक बाई बसलेली असते," लेक म्हणाली. "चाळणीने टाकून दिलेल्या गोळ्या ती हाताने बघते. चांगली असेल ती उचलून घेते. तिच्याशिवाय आम्ही मशीन चालूच करत नाही." ती थोडी हसली. "चाळणी नापास आहे, बाबा. तुम्ही पास."

"म्हणजे पत्ता?"

"तुमचा. मागच्या खेपेला मी घेतलेला पासवर्ड माझ्याकडे आहे, तो बदला. आत्ताच बदला, माझ्यासमोर." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तिने लॅपटॉप मिटला, खिडकीशी गेली आणि सगळ्यांकडे पाठ करून खालच्या रस्त्यावर बघत उभी राहिली.

राजेंनी दोन्ही बाह्या सरसावल्या. एका बोटाने, अक्षर शोधून शोधून, ते टाइप करू लागले. मध्येच थांबायचे, स्वतःशी ओठ हलवायचे, पुन्हा बोट उचलायचे.

"खाष्टबाई, तुम्हीही तिकडे बघा," ते मान वर न करता म्हणाले.

"तुमचा पासवर्ड कोण बघतंय?" आत्या म्हणाली, आणि तिथेच उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली.